कोरियन मालिकांतल्या सूड घेणाऱ्या बायका : ‘मकजांग’पासून ‘द ग्लोरी’पर्यंत

नवऱ्याने फसवलेली, मैत्रिणीने घर लुटलेली, शाळेत छळ सोसलेली बाई काही वर्षांनी परत येते आणि एकेकाचा हिशेब चुकता करते. दक्षिण कोरियाच्या टीव्हीवर या साच्यातल्या मालिका वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. ओटीटीमुळे त्या आता बेळगाव, इंदूर, वडोदऱ्यातल्या घरांतही मोबाइलवर बघितल्या जातात. या मालिका आल्या कुठून, आणि कोणती आधी बघावी, याची ही थोडक्यात माहिती.

मुळं जुन्या लोककथेत

कोरियात एक म्हण आहे : बाईने मनात सल धरला तर ऐन उन्हाळ्यातही दहिवर पडतं. या सलाला तिथे ‘हान’ म्हणतात. साठून राहिलेलं, बोलता न आलेलं दुःख असा त्याचा अर्थ. जोसोन राजवटीच्या काळातली जांगह्वा आणि होंगर्योन या दोन बहिणींची कथा तिथे सगळ्यांना ठाऊक असते. सावत्र आईच्या कारस्थानात दोघींचा जीव जातो. मग त्यांची भुतं न्याय मागायला गावच्या अधिकाऱ्याकडे जातात. एकामागून एक अधिकारी भीतीनेच मरतात. शेवटी एक धीराचा अधिकारी येतो, त्यांचं ऐकून घेतो आणि खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा देतो. २००३ साली आलेला ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ हा चित्रपट याच कथेवर बेतला होता.

म्हणजे जुन्या गोष्टीत बाईला न्याय मिळायचा तो मेल्यावर, आणि तोही दुसऱ्याच्या हातून. आजच्या मालिकांत ती जिवंत राहते आणि हिशेब स्वतःच करते. मुख्य बदल तो हाच.

‘मकजांग’ म्हणजे काय?

लपवलेली मुलं, विवाहबाह्य संबंध, स्मृतिभ्रंश, मेलेला माणूस परत येणं... असा सगळा मसाला ठासून भरलेल्या मालिकेला कोरियात ‘मकजांग’ म्हणतात. आपल्याकडच्या सासू-सुनेच्या मालिका बघणाऱ्यांना हे काही नवीन वाटणार नाही.

या प्रकारात गाजलेलं नाव म्हणजे एसबीएस वाहिनीवरची ‘टेम्प्टेशन ऑफ वाइफ’ (२००८-०९). लेखिका किम सून-ओक, नायिका जांग सो-ही. नवरा आणि बहिणीसारखी वाढलेली मैत्रीण मिळून नायिकेचा घात करतात. ती समुद्रात बुडून मेली असं सगळे धरून चालतात. पुढे ती डोळ्याजवळ एक तीळ लावून, दुसऱ्या नावाने त्याच घरात शिरते. एवढ्या तिळाने ओळख कशी लपते, यावर कोरियात भरपूर चेष्टा झाली. पण मालिका लोकांनी आवडीने बघितली. याच लेखिकेची ‘द पेंटहाउस’ (२०२०-२१) तीन पर्वं चालली.

या गोष्टींमागे खरा कायदाही होता. घराचा प्रमुख पुरुषच, अशी नोंद ठेवणारी ‘होजू’ पद्धत कोरियात २००८ साली रद्द झाली. व्यभिचार हा गुन्हा मानणारं कलम तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१५ साली काढून टाकलं. आपल्याकडे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते २०१८ साली.

‘द ग्लोरी’ वेगळी का?

नेटफ्लिक्सवर ३० डिसेंबर २०२२ रोजी पहिले ८ भाग आले आणि १० मार्च २०२३ रोजी उरलेले ८. लेखिका किम उन-सूक, मुख्य भूमिकेत सॉन्ग हे-क्यो. मून दोंग-उन ही गरीब घरची मुलगी. शाळेतल्या श्रीमंत मुलांची टोळी तिला केस कुरळे करायच्या गरम यंत्राने चटके देते. पोलिसांकडे जाऊन उपयोग होत नाही, वर्गशिक्षक उलट तिलाच मारतो आणि सख्खी आई पैसे घेऊन समझोत्यावर सही करते. दोंग-उन शाळा सोडते, कारखान्यात राबते, शिकते आणि शिक्षिका होते. मग टोळीची म्होरकी पार्क योन-जिन हिच्या मुलीचीच वर्गशिक्षिका होऊन समोर उभी राहते. तिला साथ देणारी बाई आहे नवऱ्याचा मार खाणारी ह्योन-नाम. योम हे-रानने ती सुंदर केली आहे.

चटक्यांचा प्रकार कल्पनेतला नाही. २००६ साली चोंगजू शहरात एका शाळकरी मुलीचा असाच छळ झाल्याचं उघडकीस आलं होतं. मी कुणाला बेदम मारलं तर तुला जास्त दुःख होईल, की मी मार खाऊन आले तर, असं मुलीने विचारलं आणि त्यातून ही गोष्ट सुचली, असं लेखिकेने सांगितलं आहे.

पुढे जे घडलं तेही मालिकेला शोभणारं. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास कार्यालयाच्या प्रमुखपदी नेमलेल्या माजी सरकारी वकिलाला, मुलाने शाळेत केलेल्या छळाचं प्रकरण निघाल्यावर लगेच माघार घ्यावी लागली. मार्चमध्ये खुद्द मालिकेचे दिग्दर्शक आन गिल-हो यांनी विद्यार्थिदशेत केलेल्या मारहाणीबद्दल माफी मागितली. एप्रिलमध्ये सरकारने गंभीर छळाची नोंद शाळा सुटल्यावर २ ऐवजी ४ वर्षं ठेवण्याचं आणि विद्यापीठ प्रवेशात ती विचारात घेण्याचं जाहीर केलं.

आणखी काय बघावं?

- ‘माय नेम’ (२०२१, ८ भाग) : वडिलांच्या खुन्याला शोधायला पोलिसात शिरलेली मुलगी. मारामारी भरपूर.
- ‘लिटल वुमेन’ (२०२२, १२ भाग) : तीन गरीब बहिणी, ७० अब्ज वॉनचा काळा पैसा आणि एक बडं घराणं. हिशेबातली अफरातफर आवडणाऱ्यांनी नक्की बघावी.
- ‘मॅरी माय हजबंड’ (२०२४, १६ भाग) : नवरा आणि मैत्रिणीच्या हातून मेलेली बाई १० वर्षं मागे जाऊन जागी होते. त्यातल्या त्यात हलकीफुलकी.

‘द ग्लोरी’ आणि ‘माय नेम’ प्रौढांसाठी आहेत. लहान मुलं आजूबाजूला असताना लावू नयेत. मात्र ‘द ग्लोरी’ बघून झाल्यावर घरातल्या शाळकरी मुलांशी एकदा बोलावं. दोंग-उनने मदत मागितली नव्हती असं नाही. तिने मागितली होती, पण कुणी ऐकलं नाही. शिक्षकाने किंवा आईने वेळीच ऐकलं असतं, तर सूडाची वेळच आली नसती.