बंदर-राज्य उपाययोजना करार
संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००९मध्ये मंजूर केलेला हा करार ५ जून २०१६ रोजी अमलात आला. बेकायदा मासेमारीचा पुरावा असलेल्या परदेशी जहाजाला बंदरात प्रवेश नाकारणे, आत आलेल्याची तपासणी करून दोषी आढळल्यास मासळी उतरवू न देणे, हा त्याचा गाभा. पण नुसत्या सहीने तपासनीस तयार होत नाहीत. म्हणूनच कलम २१ नुसार सदस्यांनी विकसनशील देशांना कायदे व प्रशिक्षण यांसाठी साहाय्य द्यायचे असते. संघटनेचा तसा जागतिक कार्यक्रम २०१७पासून चालू आहे. हे साहाय्य म्हणजे उपकार नव्हेत. एका बंदराने परतवलेले जहाज ढिलाई असलेले दुसरे बंदर शोधते, आणि नुकसान साऱ्याच किनाऱ्यांवरच्या छोट्या मच्छीमारांचे होते.