गाडी कुठून पाहावी?

आगगाडीत बसणे वेगळे आणि आगगाडी पाहणे वेगळे. बसणाऱ्याला गाव गाठायचे असते. पाहणाऱ्याला कुठेच जायचे नसते. विलायतेत या दुसऱ्या जातीच्या माणसांचा एक पंथच आहे. १९४२ साली, ऐन महायुद्धात, इयान ॲलन नावाच्या रेल्वेतल्या एका तरुण कारकुनाने इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका छापली आणि पुढे हजारो पोरे वही-पेन्सिल घेऊन फलाटाच्या टोकाला उभी राहू लागली. फ्रान्समधले शौकीन त्याच वेडापायी खेड्यापाड्यांतल्या दऱ्या धुंडाळतात. तिथे गाराबी म्हणून एक लोखंडी पूल आहे, नदीपासून १२० मीटरांहून उंच. १८८४ साली तो आयफेलच्या कारखान्याने पुरा केला. पॅरिसचा मनोरा त्यानंतर पाच वर्षांनी झाला.

आता हाच छंद आमच्या सुरगाण्याच्या माणसाला जडला तर? साऱ्या तालुक्यात रुळाचा एक तुकडा नाही. आमच्याकडच्या पोराला आगगाडी पाहायची म्हणजे आधी एस.टी.त बसावे लागते! तरीही मी म्हणतो, गाडी पाहण्याच्या दोन अव्वल जागा आम्हांला दोन अंगांना लाभल्या आहेत. एक दक्षिणेला, कसाऱ्याच्या घाटात. दुसरी वायव्येला, डांगातल्या वघईला.

जागा कशी शोधावी, याचा माझा नियम सोपा आहे. नकाशा पसरावा आणि रूळ जिथे सरळ जातो तो भाग सोडून द्यावा. जिथे तो वळतो, चढतो, बोगद्यात शिरतो किंवा दरी ओलांडतो, तिथे खूण करावी. तिथे गाडीचा वेग मंदावतो आणि वळणावर तिची सगळी लांबी एका नजरेत येते. या खुणा जोडीत गेले, की आपोआप इतिहास हाती लागतो. कारण जी जागा पाहणाऱ्याच्या सुखाची, तीच एके काळी इंजिनिअरच्या आणि मजुराच्या हालांची होती.

थळ घाटाचेच पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा जी.आय.पी. कंपनीची नजर ठाण्यावर नव्हती. तिला खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदरावर आणायचा होता. मध्ये सह्याद्री आडवा. कसाऱ्यापर्यंत रूळ १८६१ साली पोचले; पण पुढचा इगतपुरीचा घाट गाड्यांना खुला व्हायला १८६५ उजाडले. कंपनीचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हा १८६२ सालीच वारला. आपल्या घाटातून चढणारी गाडी काही त्याला दिसली नाही. साडेनऊ मैलांच्या आत जवळजवळ हजार फूट चढायचे आणि चढण ३७ फुटांना १ फूट! पहिल्या काळात तर मध्येच एका स्टेशनावर इंजीन पुढून काढून मागे लावीत आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची चढण चढे. हे सारे सुरुंग लावून, काळा कातळ फोडून माणसांच्या हातांनी झाले. शेजारच्या भोर घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांवर माणसे होती आणि त्याआधीच्या पटकीने त्यांतली किती तरी नेली. त्यांच्या नावाची पाटी कोणत्याही बोगद्यावर नाही.

या घाटातला एहेगावचा पूल दरीपासून सुमारे १८० फूट उंच आहे. १९३० साली इथे वीज आली, धूर गेला आणि ‘खेकडा’ आला. सांधे असलेल्या लांब अंगाच्या त्या स्विस घडणीच्या इंजिनाला हे नाव आपल्याच लोकांनी ठेवले. खेकडेही आता निवृत्त झाले. मात्र गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने कसाऱ्याला अजून जोडतात. २०१९ साली मुंबईहून निघालेल्या राजधानीने दोन्ही टोकांना आपलीच इंजिने लावून हा थांबा वाचवला. प्रवाशाला ते सोयीचे झाले. पण पाहणाऱ्याला बँकरची धडपड पाहायला मिळते ती इतर गाड्यांच्याच मागे.

वघईची गोष्ट उलट आहे. घाटातली लाइन मुंबईच्या व्यापाराने ओढून नेली. ही डांगच्या सागासाठी आली. बिलिमोऱ्याहून वघईपर्यंतची ६३ किलोमीटरची, अडीच फूट रुंदीची ही चिमुकली लाइन बडोद्याच्या गायकवाडांची. छोट्या रुळांचे गायकवाडांना जुने वेड. १८६२ साली त्यांनी डभोईकडे टाकलेल्या रुळांवरून आधी बैलांनी डबे ओढले! वघईकडची लाइन झाली ती तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत आणि हे सयाजीराव म्हणजे आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ. १८७५ साली तो बडोद्याला दत्तक गेला.

निसर्गाने ही वाट आधीच आखली होती. अंबिका नदी आमच्या सुरगाण्याच्या डोंगरात उगम पावते, वघईवरून जाते आणि बिलिमोऱ्याच्या अंगाने समुद्र गाठते. म्हणजे आमचे पाणी न थांबता बिलिमोऱ्याला पोचते. माणसाला मात्र आधी वघईपर्यंतची वाट काढावी लागते. १९४८ साली सुरगाण्याचे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली डांग गुजरातेत गेला आणि आमच्या शेजारची ती गाडी परराज्यातली झाली.

ती गाडी जायचीही वेळ आली होती. २०२० साली महामारीत ती थांबली आणि वर्षअखेरीस इतर काही लाइनींबरोबर तीही बंद करण्याचा हुकूम निघाला. लोकांनी ओरड केली. सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा धावली. अशा लाइनीचा हिशेब निव्वळ तिकिटांवर केला तर तो कधीच जुळायचा नाही. जंगलात राहणाऱ्याचा बाजार, दवाखाना आणि शाळा त्या संथ डब्यांतून जात असते, ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

दिवाळीनंतरचे दिवस या छंदाला उत्तम. पावसाचे धुके गेलेले असते, गवत पिवळे पडलेले असते आणि दूरचा डबाही स्पष्ट दिसतो. मुलांना घेऊन जावे. सकाळी जावे, ऊन पाठीशी घ्यावे. रुळांवर मात्र पाऊल टाकू नये. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. घाटात गाडी दिसण्याआधी ऐकू येते. ती वळणावर आली, की डबे मोजायला मुलांना सांगावे आणि गाडी गेल्यावर हा कातळ कोणी फोडला, तेही सांगावे.