रात्र न मोजणारे झाड

गांजा, भांग आणि चरस या तिन्हींचे मूळ असलेले झाड भारतात शतकानुशतके परिचित आहे. परंतु ते नेमके केव्हा व का फुलते, या प्रश्नाचा छडा लागू लागला तो विसाव्या शतकात, आणि तोही पॅरिस नगरीत. हिवाळ्यात काचगृहात पेरलेली भांग व जपानी हॉप यांची रोपे इवलीशी असतानाच फुलतात, हे ज्युलियें तूर्न्वा या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. त्याने काही रोपांना दिवसातून सहा तासच उजेड मिळेल अशी योजना केली. तीही अकाली फुलली. दिवस आखूड होतो यापेक्षा रात्र लांबते हेच फुलण्याचे खरे कारण असावे, असे अनुमान त्याने १९१४ साली मांडले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि त्यात तो मारला गेला. पुढे १९२० साली अमेरिकेत गार्नर व अॅलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवर प्रयोग करून हा सिद्धान्त जगापुढे आणला, आणि पाठ्यपुस्तकांत नावे राहिली ती त्यांची. मात्र दिवसापेक्षा रात्र महत्त्वाची, हे तूर्न्वाचे म्हणणे खरे असल्याचे १९३८ साली हॅम्नर व बॉनर यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले.

परंतु या नियमालाही अपवाद निघाला, आणि तो भांगेच्याच कुळात. व्होल्गा नदीच्या परिसरात उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांहून मोठा असतो आणि थंडी लवकर येते. रात्र लांबण्याची वाट पाहत बसलेल्या झाडाचे बी पिकण्यापूर्वीच हिमाने जळायचे. तेथील रानटी भांगेचे वर्णन यानिशेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९२४ साली केले व तिला 'रुडेरॅलिस' हे नाव दिले. पडझडीच्या, ओसाड जागी उगवणारी, असा त्याचा लॅटिन अर्थ. झाड ठेंगणे, फांद्या थोड्या; बी बारीक व ठिपकेदार, पिकताच गळून पडणारे. बियांच्या तळाशी असलेल्या मांसल भागाने कीटक आकर्षिले जातात आणि बीजप्रसारास त्यांचे साहाय्य होते. ही निराळी जात की एकाच जातीचा रानटी प्रकार, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. १९७६ साली स्मॉल व क्रॉन्क्विस्ट यांनी साऱ्या भांगेची एकच जात मानली.

उत्तरेकडील अशा वाणांचा विशेष हा की, रात्र केवढीही असो, वयाची काही आठवडे भरताच ते फुलू लागतात. फिनलंडमध्ये तयार झालेले 'फिनोला' हे तेलबियांचे वाण याच गुणाचे. लेनिनग्राडच्या वाव्हिलोव्ह संस्थेने जपलेल्या बियांच्या संग्रहातून त्याचे पूर्वज आले. वेढ्याच्या काळात उपासमार सोसूनही तेथील संशोधकांनी बीजसंग्रहाला हात लावला नव्हता, हे या निमित्ताने स्मरते.

संकर करणाऱ्यास मात्र धीर धरावा लागतो. हा गुण बहुधा अप्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीतील झाडे रात्र मोजूनच फुलतात; दुसऱ्या पिढीत सुमारे चौथा हिस्सा झाडे आपोआप फुलणारी निघतात, आणि ती निवडून पुढे वंश स्थिर करावा लागतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी 'लोरायडर' या बुटक्या वाणाने युरोप-अमेरिकेच्या बाजारात या प्रकाराला नाव मिळवून दिले. हाताला येणारे पीक कमी. परंतु पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत ते तयार होते, त्यामुळे एकाच उन्हाळ्यात दुसरी पेरणी साधते. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यान्वये भांगेच्या झाडाची परवान्याविना लागवड करता येत नाही. मग झाड रात्र मोजणारे असो वा नसो.