अन्न आणि संकल्प

अन्न शिजवितांना मनांत जो हेतु धरावा तो खाणाराच्या अंगीं उतरतो, ही समजूत फार जुनी आहे. मंत्रतंत्राच्या मार्गांत नवशिक्याचें पहिलें पाऊल बहुधा येथेंच पडतें. कारण त्यास स्मशान लागत नाहीं, गुरु लागत नाहीं, घरची चूल पुरते.

अथर्ववेदाचें कौशिकसूत्र मॉरिस ब्लूमफील्ड या अमेरिकन पंडितानें १८९० सालीं छापून प्रसिद्ध केलें. फुटलेल्या मनांत एकोपा व्हावा म्हणून करावयाचे विधि त्यांत आहेत. मंत्र म्हणून अग्नींत तुपाची आहुति द्यावयाची, आणि उरलेले थेंब भातांत, पाण्यांत, सुरेंतही टाकून तें त्या मंडळींस सेवन करवावयाचें. या थेंबांस 'संपात' म्हणतात. शब्द आपोआप अन्नांत शिरत नाहीं, त्यास वाहून नेणारें कांहीं तरी हवें, असा यांत विचार दिसतो; तूप हें तें वाहन.

युरोपांत हाच प्रकार पापाच्या यादींत सांपडतो. जर्मनींतील वर्म्स येथील बिशप बुर्खार्ड, जो १०२५ सालीं वारला, त्यानें पापी जनांस विचारावयाच्या प्रश्नांचा मोठा संग्रह केला. पतीचें प्रेम वाढावें म्हणून स्वतःच्या उघड्या अंगावर कणीक मळवून त्याची भाकरी तूं नवऱ्यास चारलीस काय, असा त्यांत स्त्रियांकरितां एक प्रश्न आहे. प्रायश्चित्त दोन वर्षांचें!

आपल्याकडे मात्र असा संकल्प उपनिषदांत जाऊन बसला. ब्रह्मविद्या सांगतां सांगतां बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायांत एकदम स्वयंपाकघर उघडतें. गौरवर्ण व एक वेद शिकणारा पुत्र हवा असल्यास दुधांत शिजविलेला भात. दोन वेद शिकणारा हवा तर दहीभात. तीन वेदांसाठीं नुसत्या पाण्यांतील भात. सर्व वेद जाणणाऱ्यासाठीं मांसमिश्रित भात. वर तूप घालून पतिपत्नींनीं दोघांनींही तो खावा. दोघांनीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. येथें कोणी कोणास चोरून चारीत नाहीं.

या मालिकेंत एक तिळाचा भात आहे. विदुषी कन्या व्हावी, ती पूर्णायुषी व्हावी, अशी ज्याची इच्छा त्यानें तो शिजववावा. मुलगी मागणारें वाक्य प्राचीन वाङ्मयांत दुर्मिळ. म्हणून या तीळभाताचें मोल अधिक. परंतु शंकराचार्यांनीं भाष्यांत मुलीचें पांडित्य म्हणजे गृहकृत्यांतील नैपुण्य, कारण वेदाचा तिला अधिकार नाहीं, असा अर्थ लाविला. आचार्यांच्या काळची रूढि त्यांच्या लेखणींत उतरली असेल. पण मूळ वाक्यांत ही मर्यादा नाहीं. तेथें शब्द आहे 'पण्डिता'. लगेच पुढील वाक्यांत मुलासाठीं 'पण्डित' हाच शब्द आला आहे, आणि तेथें त्याचा अर्थ घरकाम असा आचार्यांनीं केलेला नाहीं.