मुळांना हवा हवी

मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतल्या चार जाडसर काड्या पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीत ठेवायच्या, हा उद्योग आमच्याकडे आजीपासून चालत आलेला. आठवड्याभरात पेरांतून पांढरी मुळं फुटतात. जॉन वुडवर्ड नावाच्या इंग्रजानं नेमका पुदिनाच घेऊन हा उद्योग मोजूनमापून केला आणि १६९९ मध्ये छापला. पावसाचं पाणी, झऱ्याचं, थेम्स नदीचं, आणि एका भांड्यात बागेतली माती कालवलेलं. मातकट पाण्यातला पुदिना सगळ्यांत जास्त वजन धरून बसला. म्हणजे झाड नुसत्या पाण्यावर जगत नाही, पाण्यातून येणाऱ्या मातीच्या अंशावर जगतं, असं त्यानं ठरवलं. हा अंश म्हणजे मोजके क्षार, हे जर्मनीत साक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या आसपास दाखवलं. खायला काय लागतं हे कळलं. मुळं श्वास कसा घेतात, हा प्रश्न तसाच राहिला.

आपल्या नवरात्रातल्या घटाला हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय पाण्यातली शेती, म्हणणं ओढूनताणून होईल, कारण तिथे माती असते. पण पत्रावळीवरच्या मातीत मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, त्याच्या अंगातून पाझरणारी ओल आणि भोवती उगवणारं धान्य ही रचना मला फार हुशारीची वाटते. पाणी लागेल तेवढंच झिरपतं, मातीच्या कणांमधली हवा शाबूत राहते. खताचा प्रश्न नाही, नऊ दिवसांपुरता डबा बियांनी बरोबर आणलेला असतो.

'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला कॅलिफोर्नियातल्या विल्यम गेरिक यांनी, १९३७ मध्ये. ग्रीक अर्थ 'पाण्याचे कष्ट'; टँकरची वाट पाहणाऱ्या पुणेकराला वेगळा समजावून सांगायला नको. त्यांचे २५ फुटी टोमॅटोचे वेल गाजले. मला मात्र त्यांची टाकी जास्त महत्त्वाची वाटते: वर जाळी, जाळीवर भुश्याचा थर, आणि जाळी व पाणी यांच्यात मुद्दाम सोडलेली पोकळी. भारतात १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी कालिंपोंगला वाळू-खडीच्या वाफ्यांत क्षार टाकून हातानं पाणी घालायची स्वस्त पद्धत बसवली; तीच पुढे 'बेंगॉल सिस्टिम' म्हणून ओळखली गेली. इतरत्र मात्र पंप, नळ्या, मोटारी असा पसारा वाढत गेला.

तो काढून टाकला बर्नार्ड क्रॅटकी यांनी. तेही हवाई विद्यापीठातले, आता याला काय म्हणावं! २००९ च्या त्यांच्या निबंधात लेट्यूसची कृती आहे. डबा क्षारांच्या पाण्यानं भरा, झाकणाच्या भोकात रोपाचा जाळीदार कप बसवा आणि विसरून जा. रोप पाणी पितं, पातळी उतरते, वर पोकळी होते. पोकळीतली मुळं हवा घेतात, खालची पाण्यातच राहतात. एका गड्ड्याला साधारण चार लिटर पाणी पुरतं.

'विसरून जा' हेच मला जमलं नाही. गॅलरीत लोणच्याच्या बरणीत पालक लावला. शेवाळ धरू नये म्हणून बरणीला काळा कागद गुंडाळला. पाणी दोन बोटं उतरलं की मी काठोकाठ भरायचो. कुंडीची सवय, दुसरं काय. पंधराव्या दिवशी पानं माना टाकून बसली. झाकण उचललं तर वरची मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास गटारासारखा. पोकळीत वाढलेली मुळं हवेची असतात, ती मीच रोज बुडवत होतो. शिवाय सोपं म्हणून १९:१९:१९ खत घातलं होतं. त्यातला बराचसा नायट्रोजन युरियाचा. मातीत जिवाणू तो पचवून देतात, बरणीत कोण देणार?

दुसऱ्या खेपेला पाण्यातल्या शेतीसाठीचंच खत आणलं. पावसाळ्यात डासांची धास्ती, म्हणून झाकणाच्या फटीत कापूस कोंबला. बरणीवर चिठ्ठी लावली: पाणी घालू नये. घरातल्यांसाठी नव्हे, माझ्यासाठी. महिन्यानंतर कागद सरकवून पाहिलं. वर बारीक लव असलेली पांढरीशुभ्र मुळं, मध्ये वीतभर रिकामी जागा, तळाशी चार बोटं पाणी. पालक एका वेळच्या पातळ भाजीपुरताच निघाला, दाणे जरा जास्त घालावे लागले.