लाल पाय रोग (उभयचर)

लाल पाय रोग हा बेडूक, भेक इत्यादी उभयचर प्राण्यांना होणारा जिवाणुजन्य रोग आहे. जिवाणू रक्तात शिरून सर्व शरीरात पसरतात. त्यामुळे मांड्या व पोटाखालची त्वचा रक्तस्रावाने लालसर दिसते व त्यावरूनच रोगाला हे नाव पडले. एमर्सन व नॉरिस या अमेरिकी संशोधकांनी १९०५ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले.

कारणे

एरोमोनास हायड्रोफिला हा या रोगाशी परंपरेने जोडला गेलेला जिवाणू आहे. स्यूडोमोनास, सिट्रोबॅक्टर व प्रोटियस या प्रजातींतील जिवाणूंमुळेही अशीच लक्षणे उद्भवतात. एरोमोनास गोड्या पाण्यात, चिखलात, तसेच निरोगी बेडकाच्या शरीरावरही आढळतो. त्यामुळे तो केवळ सापडणे म्हणजे रोग नव्हे. प्राण्याची प्रतिकारशक्ती खालावली की तो संधी साधतो.

उभयचर त्वचेद्वारे श्वसन करतात व पाणीही शोषून घेतात. त्वचेवरील श्लेष्मा, जिवाणुरोधक पेप्टाइडे आणि हितकारक जिवाणू त्यांचे रक्षण करतात. सांडपाणी, साबण, कीटकनाशके, जखमा, दाटी व उपासमार यांमुळे हे संरक्षण दुबळे होते.

लक्षणे

सुस्ती, अन्न न घेणे, त्वचेखाली रक्ताचे ठिपके, व्रण व अंगावर सूज ही प्रमुख लक्षणे होत. तीव्र संसर्गात कोणतेही बाह्य लक्षण न दिसता मृत्यू ओढवू शकतो.

निदान

लालसर त्वचेवरून निदान निश्चित होत नाही. रानाव्हायरस या विषाणूच्या व कायट्रिड बुरशीच्या संसर्गातही तशी लाली दिसू शकते. ही बुरशी उत्तर पश्चिम घाटातील बेडकांमध्ये आढळल्याचे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूनंतर इतर जिवाणू शरीरात वेगाने पसरतात. म्हणून नुकत्याच मेलेल्या प्राण्याच्या रक्ताची व अवयवांची तपासणी आवश्यक ठरते.

रेवदंडा परिसर

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंडा वसले आहे. तेथील नारळी-पोफळीच्या वाड्या व विहिरी, तसेच शेजारच्या चौल गावातील रामेश्वर मंदिरासमोरील पुष्करणीसारखी जलस्थाने ही या भागाची ओळख आहे. कोकणात पाण्यावर टुणटुण उड्या मारणारा लहान बेडूक आणि सामान्य भेक सर्वत्र दिसतात. पावसाळ्यानंतर तळी आटू लागली की उरलेल्या थोड्या पाण्यात प्राण्यांची दाटी होते आणि सेंद्रिय घाणीचे प्रमाण वाढते. वस्तीतील सांडपाणी त्यात मिसळल्यास संसर्गाला अधिक वाव मिळतो.

प्रतिबंध

तळ्यात प्रतिजैविके टाकणे हा उपाय नव्हे. त्याने हितकारक जिवाणूही मरतात आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू बळावतात. सांडपाणी, निर्माल्य व कपडे धुण्याचा साबण तळ्यापासून दूर ठेवणे, मत्स्यालयातील मासे तळ्यात न सोडणे आणि एका तळ्यात वापरलेली जाळी व पादत्राणे निर्जंतुक करून व वाळवूनच दुसरीकडे नेणे हितावह असते. एरोमोनास माणसाच्या जखमांतही संसर्ग करू शकतो. म्हणून मृत बेडकांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. एकाच ठिकाणी अनेक बेडूक मेलेले आढळल्यास वनविभागास अथवा पशुवैद्यकास कळवावे.