रफियन : शेवटचे आठ तास

न्यूयॉर्क, बेलमाँट पार्क रेसकोर्स. 6 जुलै 1975, रविवार.

उरले आठ तास. संध्याकाळी दोनच घोडे पळणार आहेत. तीन वर्षांची रफियन, दहापैकी दहा शर्यती जिंकलेली. आणि त्या वर्षीचा केंटकी डर्बीविजेता फूलिश प्लेझर. घोडी विरुद्ध घोडा म्हणून टीव्हीने डोक्यावर घेतलेली सव्वा मैलाची रेस. गर्दी पन्नास हजारांच्या घरात. जॉकी हासिंतो व्हास्केझ एरवी दोघांवरही बसायचा. आज त्याने रफियन घेतली आहे.

गेटमधून सुटतानाच तिचा खांदा आपटतो. तरी पहिला पाव मैल 22.2 सेकंदांत, नाकभर पुढे. फर्लांगभर अंतर जातं आणि पुढच्या उजव्या पायाच्या, खुरावरच्या सांध्यामागची दोन छोटी हाडं फुटतात. व्हास्केझ लगाम खेचतो. ती ऐकत नाही. माझ्या मते निकाल इथेच लागला. प्रत्येक टापेला हाडांचा चुरा होत गेला, अस्थिबंध तुटले, कातडी फाटली आणि उघड्या जखमेत ट्रॅकची माती गेली. फूलिश प्लेझरने रेस एकट्यानेच पुरी केली.

सात तास. एक्स-रे. पाय वाचणं कठीण, पण मालक आणि डॉक्टर प्रयत्न करायचं ठरवतात.

चार तास. ऑपरेशन टेबलावर चार पशुवैद्य आणि एक अस्थिशल्यविशारद. भुलीखाली तिचा श्वास दोनदा थांबतो, दोन्हीदा परत आणतात. जखम धुऊन पायाला जड प्लास्टर.

शेवटचा तास. भूल उतरू लागते. माणसाला सांगता येतं, बाबा, पाय हलवू नकोस. घोड्याला आडवं पडणं म्हणजे शिकार होणं. त्याला जाग येते ती उठून पळायलाच. जमिनीवर पडल्यापडल्या रफियन चारी पाय झाडते, जणू रेस अजून चालूच आहे. माणसं तिला धरायला अपुरी पडतात. ते जड प्लास्टर आपल्याच कोपरावर आपटून ती कोपरही फोडून घेते.

पहाटे अडीचच्या आत इंजेक्शन दिलं जातं.

पुढे भूल उतरताना घोड्याला पाण्यात तरंगत ठेवायची सोय निघाली. 2006 मध्ये प्रीकनेस रेसमध्ये पाय मोडलेला बार्बारो ऑपरेशननंतर असाच, हौदातल्या तराफ्यावर, सुखरूप शुद्धीवर आला. पण मोडक्या पायाचा भार धडक्या पायांवर पडून त्यांची खुरं आतून सुटू लागली, आणि 29 जानेवारी 2007 ला त्यालाही इंजेक्शन द्यावं लागलं.